फुकटची ऊब

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने दिवाळी अंकात लिहायचं म्हटलं की त्याने नायगाऱ्यावर तरी लिहावं, नाहीतर न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींवर तरी, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. नायगारा मीही पाहिला. चांगला आहे. पाणी पुष्कळ आहे. पण त्याहून कितीतरी थोड्या, म्हणजे अवघ्या दोन लिटर पाण्याने मला जो धडा शिकवला, तो काही नायगाऱ्याला शिकवता आला नाही. हे दोन लिटर पाणी आमच्या धुण्यातलं होतं.

हसू नका. धुणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ऐन हिमात, रात्री साडेदहा वाजता, अंगावर पांघरूण आणि पायांत चिरंजीवांचे बूट अशा थाटात रस्त्यावर उभं असताना कळलं. कसं, ते सांगतो.

दोरीविना गाव

२०१७ च्या ऑक्टोबरात मी आणि आमची सौ. मुलाकडे न्यू जर्सीला गेलो. मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांचा नातू. घर लाकडी, दुमजली, खाली ऐसपैस तळघर. पहिल्याच सकाळी हिने आंघोळ करून पातळ पिळलं आणि सवयीने विचारलं, "अगं, दोरी कुठे आहे?"

सूनबाई जरा ओशाळून हसली. म्हणाली, "आई, इथे बाहेर वाळत घालत नाहीत. कॉलनीचा नियम आहे. कपडे बाहेर दिसले की घरांची किंमत उतरते म्हणे."

हिला ते काही पटेना. धुतलेल्या कपड्यांनी घराची किंमत उतरते, मग न धुतलेल्यांनी काय होत असेल, असा तिचा प्रश्न. पुढे वाचनात आलं की फ्लॉरिडा, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांनी लोकांचा दोरीवर कपडे वाळवण्याचा हक्क राखणारे कायदे केले आहेत. दोरीसाठी कायदा! आमच्या गिरगावच्या चाळीत हे सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यातच काढलं असतं.

तर अशा त्या दोरीविना गावात कपडे वाळवायचं काम तळघरातला ड्रायर करी. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हे यंत्र अजून आलेलं नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून देतो. पोटात एक मोठं पिंप असतं, ते फिरत राहतं. पंखा खोलीतली हवा आत ओढतो, ती तापते, फिरणाऱ्या ओल्या कपड्यांतून जाते आणि त्यांचं पाणी उचलून चार इंची नळीतून भिंतीपलीकडे घराबाहेर पडते. भिंतीला बाहेरून एक छोटं टोपडं बसवलेलं असतं आणि त्याला हवेच्या जोराने उघडणारी झडप असते. वाटेत एक जाळी असते. कपड्यांचे झिजलेले बारीक तंतू, म्हणजे आपण ज्याला तूस म्हणतो ते, तिच्यावर अडकतं. खेप झाली की जाळी काढायची आणि तिच्यावरची ती करडी मऊ पापडी सोलून टाकायची. नातवाचं हे आवडतं काम होतं. त्या तुसाचा ससा करून तो कपाटावर ठेवी.

यंत्राचा इतिहासही गमतीचा आहे. ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय गृहस्थाने शेगडीच्या उबेवर कपडे वाळवायच्या चौकटीचं पेटंट ७ जून १८९२ रोजी घेतलं. पुढे नॉर्थ डकोटातल्या रॉस मूर नावाच्या माणसाने कडाक्याच्या थंडीत बाहेर दोरीवर गोठणाऱ्या कपड्यांना कंटाळून एका खोपटात शेगडी आणि पिंप बसवलं. बरीच वर्षं खटपट करून त्याने आपली कल्पना विस्कॉन्सिनमधल्या हॅमिल्टन कंपनीला विकली, आणि १९३८ च्या सुमारास तिथून 'जून डे' नावाचा ड्रायर बाजारात आला. जूनचा दिवस! आपल्याकडे जून म्हणजे कपडे न वाळण्याचा महिना, तिकडे तो लख्ख उन्हाचा. देश बदलला की महिनेही अर्थ बदलतात.

माझ्या डोक्यात उजेड पडतो

४ जानेवारी २०१८ ला त्या भागात मोठं हिमवादळ झालं. दुसऱ्या दिवशी सूनबाईने तीनतीनदा ड्रायर लावला, तरी कपडे दमटच. चिरंजीव फावडं घेऊन घराच्या बाजूला गेले, मागोमाग मी. पाहतो तो टोपडं हिमाखाली गाडलं गेलेलं. मुलाने हिम उपसलं, झडप फडफडली आणि आतून पांढऱ्या वाफेचा लोटच्या लोट बाहेर आला. मी हात पुढे केला. काय ती ऊब! उणे दहा अंशांच्या त्या थंडीत जणू बंबापाशी बसावं तशी.

आणि तिथेच माझ्यातला जुना बँकवाला जागा झाला. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवलेला माणूस मी. माझ्या मनात आलं, अरे, एकीकडे पैसे मोजून घर तापवायचं आणि दुसरीकडे हीच तापलेली हवा भोकातून बाहेर सोडायची, हा कुठला व्यवहार? शिवाय त्या दिवसांत घरातली हवा इतकी कोरडी की ओठ फुटत, हिच्या टाचांना भेगा पडलेल्या. हीच ऊबदार, ओलसर हवा घरात सोडली तर ऊब फुकट, ओलावा फुकट आणि हिम उपसायचं कष्टही वाचले. एका दगडात तीन पक्षी!

माझा विचार अगदीच खुळा नव्हता, हे मी आजही म्हणतो. हे यंत्र मिनिटाला दीडशे-दोनशे घनफूट तापलेली हवा घराबाहेर फेकतं. तेवढीच थंडगार हवा मग दाराखिडक्यांच्या फटींतून आत येते आणि ती पुन्हा तापवावी लागते. तोटा खराच आहे. चुकला तो माझा उपाय.

उपाय बाजारात तयारच होता. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मला एक प्लॅस्टिकची बादली मिळाली. किंमत वीस डॉलरच्या आत. तिच्या झाकणाला कडेने फटी आणि मधोमध नळी जोडायला तोंड. बादलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, भिंतीकडे जाणारी नळी काढून बादलीला जोडायची. हवा पाण्यावर आपटून वळते, तूस पाण्यात अडकतं आणि स्वच्छ, ऊबदार हवा फटींतून खोलीत येते. असं खोक्यावर लिहिलं होतं. त्याच खोक्यावर आणखी एक ओळ होती: 'केवळ विजेवर चालणाऱ्या ड्रायरसाठी.'

वाचकहो, ती ओळ मी वाचली होती. न वाचता चूक केली असती तर निदान 'घाईत राहून गेलं' असं तरी म्हणता आलं असतं. मी वाचली, खाली तळघरात गेलो, ड्रायरची वायर कुठे जाते ते पाहिलं. ती भिंतीतल्या साध्या प्लगमध्ये गेली होती. प्लग आहे, म्हणजे वीज आहे. विजेचा ड्रायर! मागच्या बाजूला एक पिवळी लवचिक नळीही दिसली. पण शेजारी धुलाईयंत्र, त्याच्या पाण्याच्या दोन नळ्या तिथेच लोंबत होत्या. ही तिसरी, असं मी धरून चाललो.

चिरंजीव खूश झाले. "बाबांचं डोकं अजून कसं चालतं बघ," असं बायकोला म्हणालेसुद्धा. सूनबाई मात्र थोडा वेळ बादलीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, एकदा कुणा माहितगाराला विचारू या का? इथे घराच्या बाबतीत सगळ्याचे नियम असतात."

"अगं, बादलीत पाणी घालायला माहितगार कशाला?" मी म्हणालो. सगळे हसले. तीही हसली. सासऱ्यापुढे आणखी काय करणार बिचारी?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी बादली जोडली.

खिडक्यांना घाम

पहिले दोन-तीन दिवस माझी कॉलर ताठ होती. तळघर असं ऊबदार झालं की नातवाने आपली खेळण्यातली आगगाडी तिथेच मांडली. मी खुर्ची टाकून पेपर वाचत बसे, तो रूळ जोडी. हिने तिळगुळाच्या वड्या थापल्या, त्याही आम्ही तिथेच बसून खाल्ल्या.

मग तळघरातल्या खिडक्यांच्या काचांना घाम सुटू लागला. आधी वाफ, मग थेंब, मग ओघळ. कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना कुबट वास येऊ लागला. आठवडाभरात बाहेरच्या भिंतीवर, फळीमागे काळे ठिपके दिसले. पावसाळ्यात आपल्या कपाटातल्या चपलांवर येते तीच ती बुरशी.

पुढे मी याचा हिशेब मांडला. तो आधी मांडायला हवा होता. चार किलो सुकं धुणं घ्या. यंत्राने पिळून काढलं तरी त्यात वजनाच्या निम्मं, म्हणजे दोन लिटर पाणी उरतं. आमचं तळघर वीस फूट रुंद, पंचवीस फूट लांब, सात फूट उंच. तिथली हवा वीस अंशांना अगदी काठोकाठ भरली तरी पोटात पावणेदोन लिटरपेक्षा जास्त पाणी ठेवू शकत नाही. म्हणजे धुण्याच्या एका खेपेतच अख्ख्या तळघराच्या हवेचं भांडं भरून सांडणार! आणि सांडणार कुठे, तर जिथे सर्वांत थंड असेल तिथे, काचेवर आणि भिंतीवर. बादली तूस पकडते, वाफ पकडत नाही. तिच्यातलं पाणी तापलं की उलट तेही वाफेत भर घालतं.

आणि तूस तरी सगळं कुठे पकडतं? एके दिवशी फळीवर बोट फिरवलं तर बोटावर करडा थर आला. नातवाच्या आगगाडीच्या डब्यांवर, खुर्चीवर, माझ्या चष्म्यावरही तूस. ते पाहून मला काहीतरी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. आपली कल्पना फसते आहे हे कबूल करायचं नसलं की माणसाची स्मरणशक्तीही त्याच्या बाजूने उभी राहते.

जानेवारीतला शेवटचा शनिवार

त्या शनिवारी घरात पाहुणे येऊन गेले होते. चादरी, अभ्रे, टॉवेल धरून सहा खेपा धुणं निघालं. बादलीतलं पाणी दर खेपेला बदलायचं असतं. पहिल्या दोनदा मी बदललं. मग क्रिकेटचा सामना लागला.

संध्याकाळी हिचं डोकं जड झालं. मलाही मळमळत होतं. मी म्हणालो, दुपारी वडे खाल्ले त्याचं असेल. नातू तळघरात आगगाडीशेजारीच सतरंजीवर झोपून गेला होता. साडेआठ वाजता त्याची आई त्याला उचलून वर घेऊन आली. "आज कसा लवकर झोपला," म्हणाली. त्याच्या गालांवर हात फिरवून मीही म्हणालो, "दमला असेल."

रात्री सव्वादहाला आमच्या खोलीबाहेरच्या भिंतीवरचं एक पांढरं खोकं ओरडू लागलं. चार वेळा पीं पीं, मग थोडं थांबून पुन्हा चार. मला वाटलं, आतला सेल संपला. मी स्टूल शोधायला निघालो. तेवढ्यात सूनबाई जिन्यावरून अक्षरशः उड्या घेत खाली आली. पोर कडेवर. "बाबा, आई, बाहेर! आहे तसे बाहेर!" एरवी इतकं हळू बोलणारी ती मुलगी, पण त्या रात्री तिचा आवाज ऐकून मी जागचा हललो तो थेट रस्त्यावर.

बंबवाले सहा-सात मिनिटांत आले. मीटर घेऊन आत गेले. तळघरात मीटरवर तीन आकडी संख्या आली, असं नंतर कळलं. त्यांच्यातला एक उंच माणूस बाहेर आला आणि त्याने विचारलं, "ड्रायर गॅसचा की विजेचा?"

"विजेचा," मी ठामपणे म्हणालो. "मी स्वतः प्लग पाहिलाय."

तो काही बोलला नाही. घरातला वायू काढून टाकल्यावर त्याने मला आणि मुलाला आत नेलं आणि यंत्राच्या मागे बॅटरीचा झोत टाकला. त्या पिवळ्या नळीवर. म्हणाला, "ही गॅसची. प्लग आहे तो फक्त पिंप आणि पंखा फिरवायला. विजेच्या ड्रायरचा प्लग इतका लहान नसतो. त्याला २४० व्होल्टचा जाडजूड प्लग लागतो."

म्हणजे ज्या लहानशा प्लगवरून मी यंत्र विजेचं ठरवलं, तोच लहान प्लग ते गॅसचं असल्याची खूण होती.

न दिसणारा पाहुणा

झालं होतं ते असं. गॅसची ज्योत जळली की तिचा धूर त्याच नळीतून कपड्यांच्या वाफेबरोबर बाहेर जातो. मी ती वाटच घरात वळवली होती. तरी पहिले पंधरा दिवस यंत्राने मला सांभाळून घेतलं, कारण भरपूर हवा मिळाली की गॅस नीट जळतो आणि त्यातून मुख्यतः वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या शनिवारी मात्र बादलीतलं पाणी आटलं आणि ओल्या तुसाने झाकणाच्या फटी लिंपून टाकल्या. हवेची वाट अडली. ज्योत गुदमरली. गुदमरलेली ज्योत कार्बन मोनॉक्साइड देते. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं, वडे बाधले.

आम्हा सगळ्यांना इस्पितळात नेलं. रक्त तपासलं. मोठ्यांचं फार बिघडलं नव्हतं. नातू सबंध संध्याकाळ तळघरात होता, त्याच्या रक्तात प्रमाण अधिक निघालं. त्याला तोंडावर मुखवटा लावून प्राणवायू दिला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मुखवट्याने तेच तास-दीड तासात होतं. डॉक्टरीणबाईंनी हे शांतपणे समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, "मुलगा ठीक होईल. तुमच्या भिंतीवरच्या खोक्याचे आभार माना."

पहाटेपर्यंत मी त्याच्या खाटेशी बसून होतो. मुखवट्यात त्याचा श्वास वाजत होता. तो आवाज मी पूर्वी ऐकला होता.

माझे वडील परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याचा पेळू करणारं हे खातं. तिथल्या हवेत तूस हिमासारखं भुरभुरत असे. पाळी सुटून वडील चाळीत आले की आई त्यांना दाराबाहेरच उभं करी. गॅलरीत त्यांच्या अंगावरून, डोक्यावरून, भुवयांवरून फडक्याने तूस झटके आणि मगच आत घेई. "तुसाला उंबरा ओलांडू द्यायचा नाही," हा तिचा नेम. आम्ही पोरं हसायचो. वडिलांना दर सोमवारी छातीत जड होई, दम लागे. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामाचा कंटाळा, असं आम्ही समजत असू. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं हीच त्याची पहिली खूण, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वडिलांच्या निवृत्तीला चार महिने होते. ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पण गिरणी त्यांच्या छातीत राहिली. १९८७ मध्ये ते गेले. शेवटचे दिवस मुखवट्यातच काढले.

आणि त्यांच्या मुलाने, साठी उलटलेल्या शहाण्याने, फुकटच्या उबेसाठी तूस आपल्या हाताने उंबऱ्याच्या आत आणलं होतं. वडिलांना पोटासाठी तुसात राहावं लागलं. मला कोणती गरज होती?

सकाळी सूनबाई चहाचा कागदी पेला घेऊन आली. मला तिच्याकडे पाहवेना. म्हणालो, "तू म्हणाली होतीस, विचारू या. मी ऐकलं नाही."

ती शेजारी बसली. म्हणाली, "बाबा, तो प्लग चार वर्षं मी रोज पाहत होते. मलाही कुठे माहीत होतं?" मग थोडं थांबून म्हणाली, "पण यापुढे मला शंका आली ना, की मी हसणार नाही. दोनदा विचारीन."

"दहादा विचार," मी म्हणालो.

घेण्यासारखं

बादली त्याच दिवशी निघाली. जुनी चंदेरी पन्नीची घडीची नळी काढून मुलाने गुळगुळीत पत्र्याची नळी बसवून घेतली आणि टोपडं हिमाच्या वर येईल इतकं उंच नेलं. त्या कारागिराने सांगितलेल्या गोष्टी, आणि नंतर मी स्वतः वाचून खात्री केलेल्या, इथे देतो. आता आपल्याकडेही ड्रायर येऊ लागले आहेत, आणि परदेशी असलेल्या लेकीसुनांनाही त्या सांगता येतील.

गॅसच्या ड्रायरची हवा घरात सोडायची नाही. कधीच नाही, एका खेपेपुरतीही नाही. विजेच्या ड्रायरची सोडली तर विषारी वायूचं भय नसतं, पण बुरशी आणि तूस चुकत नाहीत. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना नियमांत ही हवा घराबाहेरच सोडावी असं स्पष्ट आहे. नळी साधारणपणे पस्तीस फुटांहून लांब नको, प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातले पाच फूट वजा करायचे. टोपड्याला बारीक जाळी लावू नये, तिच्यावर तूस साचून वाट बंद होते.

जाळीवरचं तूस दर खेपेला काढावं आणि नळी वर्षातून एकदा तरी साफ करावी. तूस म्हणजे पिंजलेला कापूस, ठिणगी पडायचा अवकाश. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा हिशेब मांडला, त्यात घरांतल्या ड्रायरमुळे दरसाल सरासरी २,९०० आगी लागल्याचं दिसतं. त्यांत वर्षाला सुमारे पाच माणसं मेली, शंभर जखमी झाली. आगीचं सर्वांत मोठं कारण यंत्र साफ न ठेवणं, आणि सर्वांत जास्त आगी जानेवारीत. म्हणूनच ड्रायर चालू ठेवून झोपू नये की बाहेर जाऊ नये.

आणि ही खास दिवाळीची सूचना. अभ्यंगस्नानाच्या तेलाने माखलेले पंचे नि टॉवेल ड्रायरमध्ये घालू नयेत. धुतल्यावरही त्यांत तेल उरतं. गरम कपड्यांच्या ढिगात ते आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतं. ते आपले दोरीवरच वाळवावेत.

बाहेर नळी काढायची सोयच नसेल, आणि आपल्या फ्लॅटांत ती बहुधा नसते, तर बादलीच्या वाटेला जाऊ नये. वाफेचं पाणी करून ते वेगळ्या टाकीत साठवणारे ड्रायर मिळतात. त्यातही हीट पंपाचे असतात, ते तीच हवा आतल्या आत थंड करून पाणी काढून घेतात आणि पुन्हा तापवून वापरतात. विजेच्या साध्या ड्रायरच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी विजेत त्यांचं काम भागतं. किंमत जास्त, वेळ जास्त, पण ऊब वाया जात नाही. मला जे हवं होतं तेच, फक्त शहाण्या माणसांनी केलेलं. २०२२ मध्ये मुलाने तसा घेतला. टाकीतलं पाणी ओतायचं काम नातवाकडे आहे. पहिल्या दिवशी त्याने फोनवर टाकी दाखवून मला विचारलं, "आजोबा, ओळखा किती?" मी म्हणालो, "दोन लिटर." त्याने मापाने मोजलं. थोडं कमी भरलं, पण त्याने मला पास केलं.

ती बादली? ती फेकून द्यायला हिचा हात धजेना. "चांगली धड वस्तू," म्हणून हिने ती सामानात घातली आणि डोंबिवलीला आणली. आता ती आमच्या गॅलरीत असते. नळीचं झाकण काढून टाकलंय, आत कपडे वाळत घालायचे चिमटे आहेत. सकाळी मी बादली घेऊन दोरीखाली उभा राहतो. ही कपडे झटकते, मी चिमटे देतो. ऊन असतं, वारा असतो, आणि दोन्ही फुकट.

कपडे झटकताना थोडं तूस उडतं. ते मी उंबऱ्याबाहेरच झाडून टाकतो.